आयेल्ट्सचा निकाल आला, पण तो वाचायचा कसा?

दुपारची_गाडी (धागाकर्ता)

नात्यातल्या, शेजारच्या, मित्राच्या मेव्हण्याच्या अशा बऱ्याच जणांचे आयेल्ट्सचे, म्हणजे परदेशी शिकायला किंवा राहायला जाण्यासाठीच्या इंग्रजी परीक्षेचे, निकाल माझ्या व्हॉट्सॲपवर येऊन पडतात. मी कॅनडात राहतो, म्हणजे मला यातलं सगळं कळतं असा सर्वांचा समज. फोटोखाली प्रश्न ठरलेला: "सात आलेत, चालतील ना?" मी विचारतो, कशात सात? आणि कोणाला चालायला हवेत? मग तिकडून बराच वेळ निळी टिकही येत नाही. दर वेळी तेच तेच टाइप करण्यापेक्षा एकदा इथे लिहून ठेवतो.

या परीक्षेत पास-नापास नाही. ० ते ९ अशी पट्टी, अर्ध्या-अर्ध्याच्या पायऱ्या. लिसनिंग, रीडिंग, रायटिंग, स्पीकिंग असे चार बँड आणि त्यांच्या सरासरीचा पाचवा, तो ओव्हरऑल. सरासरी जवळच्या अर्ध्यावर नेतात. बरोबर मध्ये अडकली, म्हणजे .२५ किंवा .७५ आलं, तर वर ढकलतात. ६.२५ चे ६.५ होतात, ६.७५ चे ७. पण ६.१२५ आलं तर ६ वरच समाधान मानायचं.

लिसनिंग आणि रीडिंगला ४०-४० प्रश्न असतात, चुकल्याला गुण कापत नाहीत, त्यामुळे रिकामी जागा सोडणं हा निव्वळ वेडेपणा. किती बरोबर आले हे निकालपत्रावर, म्हणजे टीआरएफवर छापत नाहीत, फक्त बँड छापतात. परीक्षा दोन प्रकारची: विद्यापीठासाठी ॲकॅडमिक आणि सहसा स्थलांतरासाठी जनरल ट्रेनिंग. साधारण हिशोब असा: लिसनिंग आणि ॲकॅडमिक रीडिंग दोन्हीकडे २३ बरोबर म्हणजे ६, ३० बरोबर म्हणजे ७, ३५ बरोबर म्हणजे ८. पेपर अवघड-सोपा असेल तसा एखाददुसरा प्रश्न इकडेतिकडे होतो. जनरल ट्रेनिंगच्या रीडिंगला मात्र उतारे सोपे म्हणून मोजणी कडक. तिथे ३० बरोबर येऊनही ६ च मिळतात, ७ ला साधारण ३४ लागतात.

आता एका प्रश्नाने काय होतं बघा. लिसनिंग ७.५, रीडिंग ६.५, रायटिंग ६, स्पीकिंग ६.५. बेरीज २६.५, सरासरी ६.६२५, ओव्हरऑल ६.५. समजा याचे ॲकॅडमिक रीडिंगमध्ये २९ बरोबर होते. तिसावा आला असता तर रीडिंग ७, बेरीज २७, सरासरी ६.७५, ओव्हरऑल ७. घरी पेढे वाटायचे की तोंड पाडून बसायचं हे एका गाळलेल्या जागेवर ठरलं. त्याचं इंग्रजी दोन्हीकडे तेवढंच.

म्हणून माझं म्हणणं असं की ओव्हरऑल हा आकडा नातेवाइकांना सांगण्यासाठी. तुमचं काम चार सुट्या आकड्यांवर होतं. कॅनडाच्या एक्सप्रेस एंट्रीत, म्हणजे तिथल्या कायमच्या वास्तव्याच्या (पीआरच्या) अर्जांच्या यंत्रणेत, तर ओव्हरऑलकडे कुणी बघतसुद्धा नाही. तिथे प्रत्येक बँड सीएलबी नावाच्या कॅनेडियन पट्टीवर बसवतात, आणि बसवताना चारही विषयांना माप एक नाही. सीएलबी ९ साठी रीडिंग, रायटिंग, स्पीकिंगला ७ पुरतात, पण लिसनिंगला ८ लागतात. लिसनिंग ७.५ म्हणजे सीएलबी ८.

माझ्या ओळखीतले दोघे. दोघांचंही पदव्युत्तर शिक्षण, दोघांचाही भारतातला तीन वर्षांहून जास्त अनुभव, दोघेही अविवाहित. दोघांचाही ओव्हरऑल ७.५.

पहिला: लिसनिंग ७.५, रीडिंग ८.५, रायटिंग ७, स्पीकिंग ७.५.
दुसरा: लिसनिंग ८, रीडिंग ७, रायटिंग ७, स्पीकिंग ७.

कोणीही म्हणेल पहिल्याचं इंग्रजी सरस. सीआरएसमध्ये, म्हणजे एक्सप्रेस एंट्रीच्या गुणपद्धतीत, भाषेचे थेट गुण असे पडतात: सीएलबी ८ ला २३, ९ ला ३१, १० आणि वर ३४. पहिल्याचे २३ + ३४ + ३१ + ३४ = १२२. दुसऱ्याचे ३१ चोक १२४. इथवर फरक दोनाचा. पण पुढे शिक्षण आणि परदेशातला अनुभव यांना भाषेची जोड देऊन वेगळे गुण मिळतात, आणि तिथे चारही विषयांत सीएलबी ९ असेल तरच पूर्ण ५० आणि ५०. एकही विषय ९ च्या खाली गेला की २५ आणि २५. दुसऱ्याला १००, पहिल्याला ५०. एकूण फरक ५२ गुणांचा! जिथे एकेका गुणासाठी लोक वर्षभर थांबतात तिथे हे ५२ गुण लिसनिंगच्या अर्ध्या बँडात अडकले होते. आणि गडी "साडेसात आले" म्हणून स्टेटस ठेवून मोकळा.

पत्नी किंवा नवरा अर्जात असेल तर आकडे थोडे बदलतात, पण तिढा हाच.

युके, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, आणि टोफेल, पीटीई या इंग्रजीच्या दुसऱ्या परीक्षा यांबद्दल जाणकारांनी भर घालावी.

---

साबुदाणा

रुमाल टाकून ठेवतो. भाचीचा निकाल शुक्रवारी आहे.

---

तिरकस

माहिती छान, पण मूळ प्रश्न कोणी विचारत नाही. सतरा-अठरा हजार रुपये घेऊन दिलेला कागद दोन वर्षांत शिळा कसा होतो? माणूस दोन वर्षांत इंग्रजी विसरतो का? माझी पदवी इंग्रजीत, गेली बारा वर्षं नोकरी इंग्रजीत, रोज सकाळी साहेबाच्या शिव्याही इंग्रजीतच. तरी मी "मोडेस्ट युजर" की "कॉम्पिटंट युजर" हे यांनी ठरवायचं.

---

दुपारची_गाडी

@तिरकस, परीक्षा घेणाऱ्यांचा युक्तिवाद असा की भाषा वापरात नसली तर गंजते. तुमच्याबाबतीत साहेब ती शक्यता ठेवत नाहीत हे मान्य. 😀 पण दोन वर्षांचं गणित नीट लक्षात ठेवा. एक्सप्रेस एंट्रीत नुसतं प्रोफाइल टाकताना निकाल ताजा असून भागत नाही, प्रत्यक्ष पीआरचा अर्ज करतानाही तो दोन वर्षांच्या आतला लागतो. ऑस्ट्रेलियाच्या ४८५ व्हिसाला, म्हणजे शिक्षण संपल्यावरच्या, एका वर्षाच्या आतला मागतात. त्याच व्हिसाची अट मार्च २०२४ मध्ये ६ वरून ६.५ झाली आणि विद्यार्थी व्हिसाची ५.५ वरून ६. त्यामुळे दादाच्या वेळी काय चाललं होतं ते धाकट्याला सांगू नका.

---

बाबा_नाशिककर

नमस्कार. धागा अगदी वेळेवर आला. मुलीला युकेला मास्टर्सला जायचं आहे. निकाल: लिसनिंग ७, रीडिंग ६.५, रायटिंग ५.५, स्पीकिंग ७, ओव्हरऑल ६.५. विद्यापीठाची अट "६.५, आणि कुठल्याही विषयात ६ च्या खाली नको". म्हणजे गाडी रायटिंगला अडली. मुलगी पहिलीपासून इंग्रजी माध्यमात, दहावीला इंग्रजीत नव्वदच्या वर. आम्हाला पटतच नाही. क्लासवाले म्हणतात फेरतपासणीला टाका, नक्की वाढतात. टाकावं का?

---

खडू_फळा

काका, मी लातूरला बरीच वर्षं इंग्रजी शिकवते, अलीकडे या परीक्षेचीही मुलं येतात. दहावीचे नव्वद आणि रायटिंगचे साडेपाच यांत विरोध काहीच नाही. दहावीला ठरलेल्या धड्यावरचं ठरलेलं उत्तर लिहायचं असतं. इथे पाठांतर ओळखू आलं की उलट तोटा.

आधी गुण कसे देतात ते सांगते. दोन टास्क, एकूण एक तास. पहिला किमान १५० शब्दांचा, दुसरा किमान २५० शब्दांचा निबंध. दुसऱ्याचं वजन पहिल्याच्या दुप्पट. प्रत्येक टास्क चार निकषांवर तपासतात आणि चारही समान: विचारलेल्याचं उत्तर दिलं का, मांडणी सलग आहे का, शब्दसंपत्ती, व्याकरण. म्हणजे व्याकरणाचा वाटा फक्त पाव. आपल्या मुलांना वाटतं तोच सगळा.

आता साडेपाच कुठे होतात. माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी आठ वह्यांत पहिलं वाक्य हेच असतं: "इन द कंटेम्पररी एपॉक, इट इज अ हायली डिबेटेबल इश्यू दॅट…" पुढे विषय मोबाइलचा असो नाहीतर वृद्धाश्रमाचा, हे वाक्य हटत नाही. परीक्षकाने त्या आठवड्यात ते किती वेळा वाचलं असेल कल्पना करा. त्यापाठोपाठ दुसरं वाक्य येतं: "गव्हर्नमेंट शुड बिल्ड हॉस्पिटल इन व्हिलेज." पहिलं वाक्य कोणाचं आणि दुसरं कोणाचं हे सांगायला परीक्षक लागत नाही. दुसऱ्यात तीन ठिकाणी आर्टिकल किंवा अनेकवचन गळलं आहे. आपल्या भाषेत आर्टिकल नाहीच, त्यामुळे मराठी कानाला ते गळलेलं खटकत नाही, अगदी इंग्रजी माध्यमाच्या मुलांनाही. ६ पर्यंत अशा चुका खपतात, अर्थ पोचतोय तोवर. ७ ला मात्र बिनचूक वाक्यं वरचेवर दिसावी लागतात.

पण तुमच्या मुलीचं स्पीकिंग ७ आहे. जिचं बोलणं सातचं तिचं लिहिणं नुसत्या व्याकरणापायी साडेपाचवर येत नाही. मला वाटतं पहिल्याच निकषात घोळ झालाय. तिला विचारा, निबंधाचा प्रश्न नेमका काय होता आणि तिने काय लिहिलं?

---

बाबा_नाशिककर

विचारलं. प्रश्न असा होता की काही लोकांच्या मते मुलांनी लहानपणीच स्पर्धा शिकावी, काहींच्या मते सहकार्य. दोन्ही मतांची चर्चा करा आणि तुमचं मत द्या. तिने पूर्ण निबंध सहकार्याच्या बाजूने लिहिला. क्लासमध्ये सांगितलं होतं म्हणे, "एकच बाजू धरा आणि ठाम राहा."

---

खडू_फळा

सापडलं मग. अर्ध्या प्रश्नाचं उत्तरच राहून गेलं. भाषा कितीही चांगली असली तरी पहिल्या निकषाला तिथेच कात्री लागते, आणि तोही दुप्पट वजनाच्या टास्कमध्ये.

फेरतपासणीचं: तिला ईओआर म्हणतात. परीक्षेच्या तारखेपासून सहा आठवड्यांत अर्ज करता येतो, एका विषयापुरताही करता येतो, आणि गुण बदलले तर फी परत मिळते. लिसनिंग-रीडिंगला ती क्वचितच कामाची, कारण तिथे उत्तर बरोबर असतं नाहीतर चूक. रायटिंग-स्पीकिंग माणूस तपासतो, तिथे अर्धा बँड हलू शकतो. बाकी तीन विषय साडेसहा-सातचे आणि रायटिंग एकदम खाली असं असेल तेव्हा लोक टाकतात, आणि काहींचे वाढतातही. पण तुमच्याकडे खाली का गेलं याचं कारण समोर दिसतंय. "नक्की वाढतात" असं म्हणणाऱ्या क्लासला विचारा, नाही वाढले तर फी तुम्ही भरणार का.

दुसरा रस्ता म्हणजे वन स्किल रिटेक. संगणकावर परीक्षा दिली असेल तर मूळ तारखेपासून ६० दिवसांच्या आत चारपैकी एकच विषय पुन्हा देता येतो. भारतात २०२३ पासून सोय आहे. बाकीचे तीन बँड तसेच राहतात आणि नवं टीआरएफ मिळतं. मुलीला ५.५ चे ६ च करायचे आहेत, आणि चूक कुठे झाली ते आता माहीत आहे, म्हणून मी असते तर हेच केलं असतं. फक्त पैसे भरण्याआधी विद्यापीठाला मेल करून विचारा, रिटेकचं टीआरएफ घेता का. सगळे घेत नाहीत.

---

तिरकस

आणि स्पीकिंगचं काय? तिथे तर परीक्षकाचा मूड. आपला ॲक्सेंट ऐकून पाच देत असणार.

---

खडू_फळा

नाही हो. उच्चार हा चारपैकी एक निकष आहे, पण त्यात बघतात की ऐकणाऱ्याला कष्ट पडतात का. ब्रिटिश सूर काढायची गरज नाही. आमच्याकडची एक मुलगी अस्सल उदगिरी सुरात बोलून साडेसात घेऊन आली. आपली खरी अडचण व्ही चा "वेस्ट" म्हणजे बनियन आणि डब्ल्यू चा "वेस्ट" म्हणजे पश्चिम दोन्ही एकाच व ने म्हणण्याची, आणि सगळ्या शब्दांवर सारखाच जोर देण्याची.

त्याहून मोठी अडचण म्हणजे गप्प बसणं. ११ ते १४ मिनिटांची मुलाखत. "तुम्हाला पाऊस आवडतो का?" असं विचारल्यावर "येस, आय लाइक" म्हणून मुलं थांबतात. मग परीक्षकाने गुण कशाला द्यायचे? तिथे खरं बोललात का हे कोणी तपासत नाही. पाऊस न आवडणाऱ्याने तो का आवडतो हे चार वाक्यांत सांगितलं तरी चालतं.

---

मिरजेची_सिस्टर

नर्सिंगवाल्यांसाठी लिहिते. युकेत एनएमसीची, म्हणजे नर्सची नोंदणी करणाऱ्या तिथल्या संस्थेची, अट लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंगला ७ आणि रायटिंगला ६.५. पूर्वी रायटिंगलाही ७ होते, २०१८ च्या शेवटी कमी केले. त्या वेळी आमच्या वॉर्डात अक्षरशः टाळ्या वाजल्या होत्या, कारण निम्म्या मुली तिथेच अडकलेल्या. १२ महिन्यांच्या आतल्या दोन परीक्षांचे गुण एकत्र करूनही चालतात, पण त्याच्या आपल्या अटी आहेत, त्या एनएमसीच्या साइटवर वाचून घ्या.

आमच्यातल्या बऱ्याच जणी आयेल्ट्स सोडून ओईटी, म्हणजे आरोग्यसेवेतल्यांसाठीची इंग्रजी परीक्षा, देतात. ती ० ते ५०० ची पट्टी आहे आणि वर अक्षरही असतं: ३५० ते ४४० म्हणजे बी, ३०० ते ३४० म्हणजे सी प्लस. एनएमसीला तीन विषयांत ३५० आणि रायटिंगला ३०० लागतात. फरक असा की रायटिंगला निबंध नसतो. पेशंटच्या केस नोट्स देतात आणि त्यावरून डिस्चार्जचं किंवा दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवायचं पत्र लिहायचं. नोट्समध्ये मुद्दाम नको ती माहिती पेरलेली असते. पेशंटच्या गुडघ्याचं पत्र असताना लहानपणी टॉन्सिल काढले होते हे लिहिलंत की गुण गेले. आम्ही ड्युटी बदलताना रोज पेशंटचा हॅंडओव्हर देतो, त्यामुळे हे डोक्यात बसतं. "अंतराळ संशोधनावर खर्च करावा का" यावर अडीचशे शब्द नाही सुचत ड्युटीवरून आल्यावर.

---

गंधाली

सिस्टर, एक विचारू का? माझा नवरा युकेत आहे, मला स्पाउस व्हिसासाठी ए१, म्हणजे इंग्रजीची सगळ्यात खालची पातळी, लागेल असं सांगितलं. आयेल्ट्सचे किती बँड म्हणजे ए१? मी मराठी माध्यमातली आहे, टेन्शन आलंय.

---

मिरजेची_सिस्टर

गंधाली, त्यात बँडच नसतात. तुला लाइफ स्किल्स नावाची वेगळी परीक्षा द्यायची आहे, ए१ पातळीची. फक्त बोलणं आणि ऐकणं, लिहायचं-वाचायचं काही नाही. निकाल पास किंवा फेल. बरोबर दुसरी उमेदवार असते, तिच्याशीही बोलावं लागतं. स्वतःबद्दल, घराबद्दल, रोजच्या कामाबद्दल विचारतात. तू इथे जेवढं लिहिलंस तेवढं इंग्रजीत बोलता आलं तरी पुरे. आणि हे सगळं बघून नेहमीच्या आयेल्ट्सचे अठरा हजार भरून बसू नकोस.

---

गंधाली

थँक्यू ताई!! 🙏 नवऱ्याने तेच भरायला सांगितलं होतं.

---

फलाट_क्र_३

अमेरिकेच्या बाजूने. टोफेल आयबीटी आतापर्यंत १२० पैकी असायची, चार विषय ३०-३० चे, ओव्हरऑल म्हणजे सरळ बेरीज. त्यामुळे जवळच्या अर्ध्यावर नेण्याचा खेळ नव्हता, एक गुण म्हणजे एक गुण. जानेवारी २०२६ पासून पट्टी १ ते ६ ची झाली, अर्ध्या-अर्ध्याच्या पायऱ्यांनी, म्हणजे तीही आयेल्ट्सच्या वाटेवर. संक्रमणाची दोन वर्षं जुन्या १२० च्या पट्टीवरचा समांतर आकडाही निकालात देतात. विद्यापीठांच्या साइटवर अजून १०० मागितलेले दिसतील आणि तुमच्या हातात ५ असेल तर घाबरू नका, त्याच निकालपत्रावर दुसरा आकडा शोधा.

टोफेलची एक सोय मला फार आवडते, मायबेस्ट. गेल्या दोन वर्षांतल्या परीक्षांमधला प्रत्येक विषयाचा सर्वोत्तम गुण एकत्र करून दाखवतात. काही विद्यापीठं ते धरतात, काही फक्त एकाच बैठकीचे गुण बघतात. आणि मास्टर्स-पीएचडीवाल्यांनो, टीए, म्हणजे शिकवण्यात मदत करणारा विद्यार्थी-सहायक, व्हायचं असेल तर स्पीकिंगची वेगळी, वरची अट असते. प्रवेश मिळतो, पण टीए नाही म्हणून फी माफी नाही, असं झालेले दोन जण माझ्याच लॅबमध्ये आहेत.

"टोफेलचे ९८ म्हणजे आयेल्ट्स किती?" हा रोजचा प्रश्न. टोफेल घेणाऱ्या ईटीएसच्या जुन्या तुलनेत ९४ ते १०१ ला ७ च्या समोर ठेवलंय. पण हे स्वतःच्या अंदाजापुरतं. अर्जात अशी अदलाबदल कोणी करू देत नाही. ड्युओलिंगोची इंग्रजी परीक्षा १६० पैकी असते, घरी बसून देता येते, स्वस्तही आहे. बरीच विद्यापीठं घेतात, व्हिसाची खाती मात्र ती सहसा धरत नाहीत.

---

दुपारची_गाडी

@फलाट_क्र_३, उत्तम भर. पीटीईबद्दल मीच लिहितो. १० ते ९० ची पट्टी, तपासणी मुख्यत्वे संगणकाची. इथे ओव्हरऑल म्हणजे चार विषयांची सरासरी नव्हे, आणि एकाच प्रश्नाचे गुण दोन विषयांत जातात. वाक्य ऐकून जसंच्या तसं लिहायचा प्रश्न लिसनिंगलाही मोजतात आणि रायटिंगलाही. त्यामुळे रायटिंग कमी आलं म्हणून निबंधच घासत बसलात तर हाती काही लागणार नाही. आधी ती वाक्यं सुधारा.

आणि कॅनडाच्या पीआरला पीटीई ॲकॅडमिक चालत नाही, पीटीई कोअर लागते, तीही २०२४ पासून. सोपी म्हणून तिकडे धावणाऱ्यांसाठी: तिथे सीएलबी ९ ला रायटिंगमध्ये ९० पैकी ८८ लागतात. सेलपिप ही कॅनडाची इंग्रजी परीक्षा मात्र सरळ, तिथली ९ पातळी म्हणजे सीएलबी ९.

---

साबुदाणा

भाची विचारते, रीडिंगमध्ये ट्रू, फॉल्स आणि नॉट गिव्हन यात तिचे नेहमी चुकतात. सराव परीक्षेत बाकी सगळं बरोबर आणि तिथे निम्मे गायब.

---

खडू_फळा

हुशार मुलांचे तिथे जास्त चुकतात. उताऱ्यात समजा असं आहे: "गिरणी बंद पडल्यावर बरेच कामगार गावी परतले." आता विधानं बघ.

एक, "गिरणी बंद पडल्यावर सगळे कामगार शहरातच राहिले." फॉल्स, कारण उतारा उलट सांगतो.
दोन, "गावी परतल्यावर कामगारांचं उत्पन्न घटलं."

दुसऱ्याला आपण डोळे मिटून ट्रू लिहितो. आजोबांच्या तोंडून गिरणगाव ऐकलेलं असतं, घटणार नाही तर काय? पण उताऱ्यात उत्पन्नाचं नावही नाही. नॉट गिव्हन. जे आपल्याला माहीत आहे ते बाहेर ठेवून बसायचं, आणि फॉल्स लिहिण्याआधी उलट सांगणाऱ्या ओळीवर बोट ठेवता आलं पाहिजे. ठेवता येत नसेल तर फॉल्स नाही.

जाता जाता लिसनिंगचं: "दोनपेक्षा जास्त शब्द नकोत" असं लिहिलेलं असताना तीन शब्द लिहिले तर अर्थ बरोबर असूनही शून्य. आणि स्पेलिंग. ॲकोमोडेशनमध्ये दोन सी आणि दोन एम. दर बॅचला फळ्यावर लिहून ठेवते, तरी दर बॅचला कोणीतरी एक एम गिळतंच.

---

बाबा_नाशिककर

विद्यापीठाचं उत्तर आलं, रिटेकचं टीआरएफ चालेल म्हणाले. तारीख घेतली आहे. मॅडम, तुमचे आभार. मुलगी आता प्रश्नाखाली पेन्सिलीने रेघा मारून मगच लिहायला घेते.

---

तिरकस

संगणकावर पेन्सिल?

---

बाबा_नाशिककर

घरी कागदावर सराव चाललाय हो. 🙂

---

साबुदाणा

आला निकाल!! लिसनिंग ८.५, रीडिंग ६, रायटिंग ६.५, स्पीकिंग ७. बेरीज २८, ओव्हरऑल ७. धाग्यात शिकल्याप्रमाणे मीच हिशोब केला, जुळला. तिला आयर्लंडला मास्टर्सला ६.५ हवेत आणि कुठेही ६ च्या खाली नको. म्हणजे झालं ना? फक्त ती म्हणते रीडिंगमध्ये मोजून तीसएक प्रश्न नक्की बरोबर होते, मग ७ च्या जागी ६ कसे?

---

दुपारची_गाडी

अभिनंदन. पण तीस बरोबर येऊन ६, हे वाचून पोटात गोळा आला. टीआरएफच्या वरच्या बाजूला ॲकॅडमिक लिहिलंय की जनरल ट्रेनिंग?

---

साबुदाणा

जनरल ट्रेनिंग. त्याने फरक पडतो?

---

दुपारची_गाडी

पडतो. लिसनिंग आणि स्पीकिंग दोन्हीकडे सारखंच, पण रीडिंगचे उतारे आणि रायटिंगचा पहिला टास्क वेगळा. जनरलला पत्र असतं, ॲकॅडमिकला आलेख किंवा तक्ता. मास्टर्सला विद्यापीठं ॲकॅडमिकच मागतात. सारखे आहेत म्हणून दोन विषयांचे बँड इकडून तिकडे नेता येत नाहीत, आणि वन स्किल रिटेकनेही जनरलचं ॲकॅडमिक होत नाही. पूर्ण परीक्षा पुन्हा द्यावी लागेल. ८.५ लिसनिंगवाल्या मुलीला ते जड नाही, पण रायटिंगच्या आलेखाचा सराव लागेल.

त्याआधी विद्यापीठाच्या ॲडमिशन ऑफिसला मेल टाका. दोन गोष्टी विचारा: पदवी इंग्रजी माध्यमातली असल्याचं कॉलेजचं पत्र, म्हणजे एमओआय, घेतात का, आणि ड्युओलिंगो चालते का. शेवटची तारीख कधी आहे?

---

साबुदाणा

पुढच्या महिन्याची १५.

---

दुपारची_गाडी

मग मेल आत्ताच टाका, आणि उत्तराची वाट न बघता ॲकॅडमिकची तारीखही बघून ठेवा. तिथले ऑफिसवाले शनिवार-रविवारी उत्तर देत नाहीत.